नानांची निविदा

नाना 2010 मध्ये दिल्लीच्या शास्त्री भवनातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले, पण त्यांची 37 वर्षांची सवय काही निवृत्त झाली नाही. गाझियाबादच्या वसुंधरात त्यांचा फ्लॅट आहे. तिथे गीझर घ्यायचा झाला तरी तीन कोटेशनं येत, त्यांचा तुलनात्मक तक्ता होई आणि खाली नानांचा शेरा पडे, तोही हिरव्या शाईत. केंद्र सरकारात हिरव्या शाईची मुभा सहसचिव आणि त्यावरच्यांनाच. नोकरीत जे मिळालं नाही ते नानांनी घरी वसूल केलं.

ई-रीडरची फाइल उघडली ती 2025 च्या जानेवारीत. डोळ्यांचा पडदा झिजतोय, बारीक टाइप आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. गुरुग्रामला नोकरी करणारा मुलगा रविवारी आला होता. तो म्हणाला, "त्यात काय एवढं, नाना? माझ्यासारखं किंडल घ्या. आत्ता ऑर्डर करतो, उद्या दारात."

"घेऊ," नाना म्हणाले. "पण आधी माईच्या यंत्राचं काय झालं, ते फाइलवर येऊ दे."

मुलगा गप्प झाला. त्या प्रकरणातला अर्धाअधिक भाग त्याला ठाऊकच नव्हता.

माई म्हणजे नानांच्या पत्नी. त्या पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्तीनंतर काचबिंदू वाढत गेला तेव्हा मुलानेच त्यांना एक ई-रीडर आणून दिला होता. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. दुसऱ्या कंपनीचा असता तरी गोष्ट फारशी बदलली नसती. अक्षर हवं तेवढं मोठं होतं म्हटल्यावर माईंनी पुढची सहा वर्षं त्याच्यावरच वाचलं. वाचताना हातात पेन्सिल असायची सवय, ती इथे बोटावर आली. ओळीखाली खूण करायची, शेजारी टीप लिहायची. 'इथे लेखिकेने घाई केली.' 'हा शब्द सातवीच्या मुलांना विचारायला हवा होता.' 'नानांना वाचून दाखवणे.' ही तिसऱ्या प्रकारची टीप बऱ्याच ठिकाणी असावी, कारण संध्याकाळच्या चहाला माई खरोखरच ते उतारे वाचून दाखवत आणि नाना त्यावर काहीतरी खुसपट काढत.

माई 2023 मध्ये गेल्या. नानांनी सगळं रीतसर केलं: पेन्शनचे कागद, बँक, गॅसची जोडणी. माईंच्या सिमचं रिचार्ज करणंही बंद केलं. वापरात नसलेल्या नंबरावर पैसे कशाला घालायचे? पुढे 2024 च्या थंडीत ते यंत्र अडकलं. पडदा एका पानावर थिजला तो हलेना. नाना ते घेऊन नेहरू प्लेसला गेले. तिथल्या एका दुकानातल्या पोराने बटण दाबून धरलं, यंत्र रिसेट केलं, शंभर रुपये घेतले आणि म्हणाला, "अंकल, अब लॉगिन कर लो, सब वापस आ जाएगा."

लॉगिन होतं माईंच्या मोबाइल नंबरावर. पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. नवा पासवर्ड मागितला की ओटीपी जायचा त्याच नंबरावर, आणि तो नंबर आता दुसऱ्याच कोणाचा होता. बंद पडलेला नंबर निदान 90 दिवस बाजूला ठेवून मग नव्या ग्राहकाला देतात, अशी आपल्याकडची रीत. नानांनी त्या नंबरावर फोन लावला. पलीकडून एका मुलाचा आवाज आला, मुरादाबादकडचा, नोएडात डिलिव्हरीचं काम करणारा.

"बेटा, अभी आपके पास छह अंक का एक ओटीपी आया होगा. बता दोगे?"

"आया तो है, अंकल. पर ओटीपी किसी को बताते नहीं."

"ये मेरी पत्नी का नंबर था, बेटा."

"सब ऐसा ही कुछ बोलते हैं, अंकल."

नाना क्षणभर थांबले. मग म्हणाले, "ठीक कह रहे हो. किसी को मत बताना," आणि फोन ठेवला. हे सांगताना त्यांच्या आवाजात त्या मुलाबद्दल तक्रार नव्हती. उलट थोडं कौतुकच होतं. नियम माहीत असलेला माणूस भेटला की त्यांना बरं वाटतं.

कंपनीच्या ग्राहकसेवेने मृत्यूचा दाखला मागवला आणि आठवड्याने कळवलं की खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही. पुस्तकं विकलेली नव्हतीच, वाचण्याचा परवाना दिला होता, तोही त्या व्यक्तीपुरता. नानांनी नातीकडून तो करार मोठ्या अक्षरांत छापून घेतला आणि भिंग लावून शेवटपर्यंत वाचला. "कंपनी खोटं बोलत नाहीये," ते मुलाला म्हणाले. "सगळं लिहिलेलं आहे. माईने 'मान्य' दाबलं, तूही दाबतोस. फाइल न वाचता सही करणाऱ्या किती जणांना मी मेमो दिलेत!"

तर निविदा काढायची ठरली. नात दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्राच्या एमएला आहे. विश्वविद्यालय स्टेशनवर पिवळी लाइन धरायची, राजीव चौकात बदलायची आणि वैशालीला उतरायचं, असं करत ती शनिवारी यायची. तिला डीलिंग असिस्टंट नेमलं.

पहिली अट अशी की पुस्तकाची फाइल आपल्या हातात हवी; दुकान बंद पडलं, कंपनी बुडाली, मालकाचं मन फिरलं, तरी ती उघडायला हवी. नातीने याला दोन दाखले जोडले. 2009 च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं त्यांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकली होती. ज्याने ती विकायला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे खरं. पैसे परत मिळाले, जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पण अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणं त्या पुस्तकाबरोबर निकामी झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. दुसरा दाखला मायक्रोसॉफ्टचा. त्यांनी 2019 मध्ये पुस्तकांचं दुकानच बंद केलं. सगळ्यांचे पैसे परत दिले, आणि ज्यांनी पुस्तकांत खुणा-टिपा केल्या होत्या त्यांना वर 25 डॉलर. नानांनी त्या 25 डॉलरपाशी हिरवी फुली मारली आणि बराच वेळ पुढे काही लिहिलं नाही.

दुसरी अट: पुस्तक दुसऱ्याला देता यायला हवं, हयातीत आणि नंतरही. इथे नानांना कोणाच्या दाखल्याची गरज नव्हती. दर्यागंजचा रविवारचा जुना पुस्तकबाजार, जो 2019 मध्ये फुटपाथवरून उठून दिल्ली गेटजवळच्या महिला हाटमध्ये गेला, तिथे त्यांनी उमेदीचे कित्येक रविवार घालवले आहेत. तो बाजार चालतो तो कायद्याच्या आधारानेच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 14 व्या कलमात प्रती लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क लेखक-प्रकाशकाचा आहे, पण एकदा बाजारात आलेल्या प्रतीवर तो चालत नाही. विकत घेतलेलं पुस्तक तुम्ही विका, उसनं द्या, नातीच्या लग्नात आहेर करा. पडद्यावरच्या पुस्तकाला मात्र हे लागू पडत नाही, कारण विक्रेता म्हणतो, प्रत विकलीच नाही. कॅलिफोर्नियात तर 1 जानेवारी 2025 पासून कायदाच झालाय: असा परवाना देताना नुसतं 'विकत घ्या' लिहायचं नाही, हा परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं.

तिसरी अट नानांनी स्वतःच्या हाताने लिहिली. मी काय वाचतो, किती वाचतो, कुठे खूण करतो, हे घराबाहेर जाता कामा नये.

मुलगा हसला. "नाना, कोणाला पडलंय तुम्ही काय वाचता त्याचं?"

नातीने वडिलांना समजावलं. महिन्याची वर्गणी भरून वाचायच्या योजनेत लेखकाला वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात. अ‍ॅमेझॉनने ही पद्धत 2015 मध्ये आणली. म्हणजे कोणी किती पानं उलटली हे यंत्र कळवतं, म्हणून तर हिशेब लागतो. 2014 मध्ये अडोबीचं वाचनाचं सॉफ्टवेअर वाचकाची माहिती इंटरनेटवरून उघडीवाघडी, कुलूपही न लावता पाठवताना सापडलं होतं. आणि 24 ऑगस्ट 2017 ला, आपल्या घरापासून तासाभरावरच्या सर्वोच्च न्यायालयात, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

नानांनी वेगळंच सांगितलं. 1976 सालची गोष्ट. तेव्हा ते नुकतेच नोकरीत कायम झाले होते. दुर्गा भागवतांनी 1975 च्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीचा निषेध केला होता; पुढे त्यांना अटकही झाली. त्या दिवसांत नाना बसमध्ये दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' वाचायचे. "त्या पुस्तकात आहे काय? चैत्र, वैशाख, झाडं, पाखरं. सरकारला त्याचं काय? पण मी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. शेजारी बसायचा तो आमच्याच मंत्रालयातला. त्याला मराठी येत नव्हतं, पण देवनागरी येत होती."

"अहो, आता काय आणीबाणी आहे का?"

"24 जूनपर्यंत तेव्हाही नव्हती," नाना म्हणाले.

फेब्रुवारी सगळा संमेलनात गेला. 21 ते 23 तारखांना तालकटोरा स्टेडियमवर 98 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं. दिल्लीत 1954 नंतर पहिल्यांदाच. नाना तिन्ही दिवस गेले. कागदी पुस्तकं हातात घेऊन, डोळ्यांशी नेऊन, परत ठेवत हिंडले. नातीने तेवढ्यात वेगळीच बातमी आणली. किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून घ्यायची आणि वायरने यंत्रात टाकायची सोय अ‍ॅमेझॉन 26 फेब्रुवारीपासून बंद करणार होती.

"मी ती कधी वापरलीच नाही," मुलगा म्हणाला.

"मागचं दार वापरत नाही म्हणून तिथे भिंत घालू द्यायची का, बाबा?"

मुलाने पासवर्ड दिला, जरा कंटाळूनच. सोमवारी आणि मंगळवारी रात्री नात एकेक पुस्तक उतरवत बसली. सगळी एकदम उतरवायची सोय नव्हती. 26 ला महाशिवरात्रीची सुट्टी. साबुदाण्याची खिचडी खाता खाता तिने सांगितलं की फायली तर मिळाल्या, पण प्रत्येकीला कुलूप आहे आणि किल्ली बाबांच्या त्याच यंत्रात. इंटरनेटवर कुलूप तोडायची साधनं मिळतात. तिने कायदाही वाचून ठेवला होता: कलम 65 अ, 2012 च्या दुरुस्तीत आलेलं. हक्क बुडवायच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. "आपला तर तो हेतूच नाही, नाना. आमच्या कॉलेजातल्या रामेश्वरी फोटोकॉपीवर ऑक्सफर्ड, केंब्रिजने 2012 मध्ये खटला भरला होता. 2016 मध्ये हायकोर्टाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. शिकण्यासाठी नक्कल चालते."

"तो निकाल शिकवण्याच्या साहित्यापुरता," नाना म्हणाले. "तुझा मुद्दा कदाचित कोर्टात टिकेलही. पण ज्याचं कुलूप तोडावं लागतं ती वस्तू विकत घ्यायचीच कशाला? निविदेत चौथी अट घाल."

माझ्या मते इथे नाना जरा कर्मठ झाले. पैसे दिलेल्या गिऱ्हाइकाने आपल्याच कपाटाची किल्ली करून घेतली तर मला ती चोरी वाटत नाही. पण फाइल नानांची होती.

तुलनात्मक तक्ता नातीने केला. किंडलसुद्धा विमान मोडवर ठेवून, आपल्याच फायली वायरने घालून वाचता येतं, हे तिने प्रामाणिकपणे लिहिलं. स्वस्त पडतं आणि इथे सहज मिळतं, हेही. अँड्रॉइडवर चालणारी मोठ्या पडद्याची यंत्रं होती. त्यांत कुठलंही अ‍ॅप घालता येतं, पण तेवढ्याच वाटांनी माहिती बाहेरही जाते. युरोपातलं पॉकेटबुक होतं. आणि टोरांटोच्या कंपनीचं कोबो. ते इपब ही खुली फाइल थेट उघडतं, आणि 2024 च्या त्याच्या मॉडेलांची दुरुस्ती करता यावी म्हणून कंपनीने आयफिक्सिटशी करार करून सुटे भाग व माहिती खुली केली. अडचण एकच: इथे तेव्हा अधिकृत विक्री नव्हती, म्हणजे वॉरंटी नाही. नानांनी शेरा मारला, 'वॉरंटी नाही. स्क्रू आहेत. मान्य.'

मे महिन्यात टोरांटोचा भाचा सुट्टीवर आला, त्याने ते आणलं. पहिल्याच पडद्यावर यंत्राने खातं उघडायला सांगितलं. नातीने ते वायरने संगणकाला जोडलं, आतली मांडणीची फाइल उघडली आणि तिच्यात एक ओळ घातली: 'साइडलोडेड मोड', बरोबरचं चिन्ह, 'ट्रू'. पुन्हा चालू केल्यावर यंत्राने नाव-गाव काही न विचारता रिकामं कपाट दाखवलं. वायफायला ते आजतागायत जोडलेलं नाही.

सोपं मात्र झालं नाही. पहिल्या पुस्तकात रफार भलत्याच अक्षरावर आणि जोडाक्षरं फुटलेली. नाना म्हणाले, ही भाषा मला येत नाही. मग नातीने कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर काढलं. ते कोविद गोयल या भारतीयाने 2006 मध्ये लिहायला घेतलं, कारण त्याने घेतलेला सोनीचा ई-रीडर त्याच्या लिनक्स संगणकाशी बोलत नव्हता. त्यातून फाइलचा प्रकार बदलला, मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' हा खुला टंक यंत्रात टाकला, तेव्हा 'दुष्काळ' आणि 'पर्वत' जागेवर आले. पुढची पंचाईत स्कॅन केलेल्या पीडीएफची. साहित्य संस्कृती मंडळाने आपली पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, पण त्यांतली कित्येक म्हणजे छापील पानांचे फोटो. सहा इंचांत मुंग्याच दिसतात. त्यासाठी कोरीडर हे खुलं सॉफ्टवेअर घालावं लागलं. ते फोटोतल्या ओळी कापून, मोठ्या करून, पुन्हा रचतं. दोन शनिवार त्यात गेले. मुलगा मधूनमधून डोकावून म्हणायचा, "माझं डब्यातून काढल्यावर पाच मिनिटांत चालू झालं होतं." ते खरंच होतं.

मंडळाचं पहिलं पुस्तक उघडल्यावर नानांना आठवलं की या मंडळाचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, आणि 1954 च्या दिल्लीच्या संमेलनाचे अध्यक्षही तेच. मग साने गुरुजी आले: ते 1950 मध्ये गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, म्हणून 2011 पासून त्यांचं लेखन कोणीही छापावं, वाटावं. ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं आली. नव्या कादंबऱ्या मात्र आल्या नाहीत. त्या कुलपाशिवाय क्वचितच मिळतात. त्यासाठी नाना मराठी प्रकाशकांना पत्रं लिहितात, जावक क्रमांक घालून: आपले पुस्तक खुल्या इपब स्वरूपात विकत मिळाल्यास पूर्ण किंमत देण्यास तयार आहे. स्मरणपत्रांची तारीखही ठरलेली आहे.

सोसायटीतल्या एका काकूंना नाना पेनड्राइव्हवर साने गुरुजी देऊन आले. आणि कोरीडरमधून टिपांची साधी मजकूर फाइल निघते, हे कळल्यापासून नात दर शनिवारी ती छापते. नाना खुणा करतात, नात चहाला वाचते, आणि खुसपट आता ती काढते.

ऑगस्टमध्ये अशाच एका शनिवारी मुलगा आला. टेबलावर फाइल उघडी होती. शेवटच्या पानावर यंत्राचा आणि पुस्तकांचा वारस म्हणून नातीचं नाव, शेजारी पेनड्राइव्ह कुठल्या कपाटात आहे ती नोंद. त्याने ते वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि म्हणाला, "नाना, माझ्याही नावाने एक इंडेंट टाका."

"टाकतो. आधी सध्याच्या साठ्याची यादी जोड. विहित नमुन्यात."

नमुन्यात चार रकाने होते: अनुक्रमांक, पुस्तक, दिलेली किंमत, मालक. मुलगा फोन समोर ठेवून लिहायला बसला. आठ-नऊ वर्षांची खरेदी होती. पहिले तीन रकाने भराभर भरत गेले. चौथ्यात त्याने स्वतःचं नाव लिहिलं. नानांनी पान आपल्याकडे ओढलं, हिरव्या पेनाने ते नाव खोडलं आणि समासात लिहिलं, 'आधार काय?'

"मग इथे लिहू तरी काय?"

"विक्रेत्याला पत्र लिहून विचार," नाना म्हणाले. "उत्तर येईपर्यंत रकाना कोरा ठेव."